अणुवीज केंद्राभोवतीचे सायरन कसे तपासतात आणि त्यातलं आपल्या किनाऱ्यावर काय लागू पडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात परत सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. दक्षिण गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या काही सायरन टॉवरचं मेंटेनन्स तुमच्याकडे नवीनच आलंय आणि तुम्ही विचारताय की कैगासारख्या अणुवीज केंद्राभोवतीचे सायरन नक्की कसे टेस्ट करतात, आपण महिन्यातून एकदा मिनिटभर भोंगा वाजवतो तेवढं पुरतं का, आणि तिसरं म्हणजे एका टॉवरचं पॅनल कायम ओके दाखवतं पण डोंगरामागच्या वाड्यावरचे, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीतले लोक म्हणतात आम्हाला काहीच ऐकू येत नाही, तर खरं कोण बोलतंय. तिसऱ्याचं उत्तर आधीच देतो, दोघंही खरं बोलतायत. कसं ते शेवटी सांगतो, कारण त्याच्या आधीचं कळल्याशिवाय ते नीट पटणार नाही.

मी फोंड्याचा. सुरुवात खाणीवरच्या शिफ्टच्या भोंग्यापासून केली, मग फॅक्टऱ्यांचे इमर्जन्सी सायरन, मग सहा वर्षं अमेरिकेत मिडवेस्टमध्ये एका सायरन मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टरकडे होतो आणि तिथे दोन अणुवीज केंद्रांच्या भोवतालचे सायरन आमच्या टीमकडे होते. परत येऊन बरीच वर्षं झाली, आता कोणी बोलावलं तर जातो, बाकी घरीच असतो. पण हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही, कारण सायरन ही अशी वस्तू आहे की जिच्याकडे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही आणि ज्या दिवशी लागते त्या दिवशी ती चाललीच पाहिजे.

आधी कैगाबद्दल, कारण आपल्याकडे त्याचं नाव काढलं की काही लोक लगेच घाबरतात आणि काही अगदीच सोडून देतात. कैगा कारवारच्या आत, काळी नदीच्या काठी, कद्रा धरणाच्या जलाशयाला लागून. एनपीसीआयएल या सरकारी अणुवीज कंपनीची २२० मेगावॉटची चार युनिटं, पहिली दोन २००० साली चालू झाली, चौथं २०११ ला. आपल्या देशात प्लांटच्या बाहेर पसरणाऱ्या आणीबाणीचं प्लॅनिंग १६ किलोमीटरच्या त्रिज्येत करतात आणि गोव्याची हद्द त्याच्या बाहेर पडते. ऑफ-साइट इमर्जन्सी झालीच तर लोकांना सूचना देणं, घरात थांबवणं, हलवणं हे सगळं जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे उत्तर कन्नडच्या. त्याचे मॉक ड्रिल पण ठरलेले आहेत, प्लांटपुरता सराव दर तिमाहीला, साइटचा वर्षातून एकदा आणि बाहेरच्या गावांसकट मोठा सराव दोन वर्षांतून एकदा. म्हणजे तुम्ही ज्या टॉवरवर चढताय तो कैगासाठी नाही, तो वादळ आणि सुनामीसाठी आहे. पण काम तेच आहे हो, बटण दाबणाऱ्या माणसापासून घरात बसलेल्या म्हातारीपर्यंत इशारा पोचवायचा. अणुवीज केंद्राभोवतीचे अमेरिकन नियम या बाबतीत फार बारीक लिहिलेले आहेत आणि माझे हात तिथेच काळे झालेत, म्हणून मी त्यांच्या आधाराने बोलतो.

ते नियम आले थ्री माइल आयलंडनंतर. २८ मार्च १९७९ ला पेनसिल्व्हेनियातल्या त्या प्लांटमध्ये अपघात झाला आणि पुढचे काही दिवस लोकांना काय सांगायचं, कोणी सांगायचं, घरात बसायचं की गाव सोडायचं याचा मोठा गोंधळ झाला. मग १९८० मध्ये तिथल्या एनआरसी (अणुवीज केंद्रांवर देखरेख ठेवणारी) आणि फीमा (आपत्ती व्यवस्थापन बघणारी) या दोन सरकारी संस्थांनी मिळून निकष काढले. प्लांटभोवती १० मैलांचा, म्हणजे आपल्यासारखाच साधारण १६ किलोमीटरचा पट्टा, आणि त्यातल्या लोकांपर्यंत १५ मिनिटांत इशारा पोचवण्याची सोय. सायरनचा आवाज किती हवा तेही आकड्यात. चौरस मैलाला २००० पेक्षा जास्त लोक राहतात तिथे ७० डेसिबल, विरळ वस्तीत ६० डेसिबल, किंवा मग तिथल्या नेहमीच्या आवाजापेक्षा १० डेसिबल वर. आणि हे डेसिबल मीटरच्या सी वेटिंग या सेटिंगवर मोजायचे, ए वर नाही, कारण सायरनचा सूर खालचा असतो आणि ए वेटिंग खालचे सूर कमी धरतं. मोबाइलच्या ॲपवर मोजून रिपोर्टमध्ये लिहिणारे मी पाहिलेत, कृपा करून ते करू नका, एक साधा कॅलिब्रेट केलेला मीटर घ्या.

आता टेस्ट. तिथे तीन प्रकारच्या टेस्ट आहेत आणि प्रत्येकीने वेगळी गोष्ट सिद्ध होते, हे डोक्यात बसवा म्हणजे अर्धं काम झालं.

पहिली सायलेंट टेस्ट, दर दोन आठवड्यांनी. कंट्रोल रूममधून रेडिओवर प्रत्येक सायरनला हाक मारायची, सायरनने उत्तर द्यायचं की मी आहे, एसी सप्लाय आहे, बॅटरी एवढी आहे, दार बंद आहे. इलेक्ट्रॉनिक सायरन असेल तर ॲम्प्लिफायर आणि ड्रायव्हर, म्हणजे हॉर्नमधले आवाज काढणारे स्पीकर, पण तपासता येतात, माणसाच्या कानाला ऐकू न येणारा फार उंच सूर पाठवून. यात कळतं की निरोप पोचतोय आणि उत्तर येतंय. आवाज बाहेर पडतो की नाही हे मात्र यात पूर्ण कळत नाही.

दुसरी ग्राउल टेस्ट, दर तिमाहीला, आणि मेंटेनन्स केलं की त्यानंतर पण. मोटारवाला सायरन असेल तर क्षणभरच चालू करायचा, मोटर फिरायला लागते, खालच्या पट्टीत घुर्रर असा आवाज येतो, पूर्ण वेग घ्यायच्या आधीच बंद. यात मोटर, कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच), बॅटरीवर पडणारा लोड हे कळतं आणि गावाला त्रास होत नाही.

तिसरी पूर्ण टेस्ट, वर्षातून कमीत कमी एकदा, पूर्ण आवाजात, तीन ते पाच मिनिटं. बऱ्याच ठिकाणी दर महिन्याला थोडा वेळ वाजवतातच, पण वर्षाची ही टेस्ट वेगळी, त्यात सगळे सायरन एकत्र वाजतात आणि आमच्यासारखे लोक ठिकठिकाणी गाडी लावून कानाने ऐकत उभे राहतात. मी आयोवाच्या थंडीत मक्याच्या शेताच्या कडेला उभं राहून ऐकलेत, कानटोपी काढून, कारण कानटोपी घालून ऐकलेल्याला अर्थ नाही.

हिशोब असा ठेवतात की वर्षभरात किती टेस्ट घेतल्या आणि त्यातल्या किती यशस्वी झाल्या. फीमाची अपेक्षा सरासरी ९० टक्क्यांची आणि मी तिथे असताना एनआरसीच्या मोजमापात ९४ टक्क्यांच्या खाली गेलात की त्यांची जास्तीची तपासणी सुरू व्हायची. हे आकडे ऐकायला सोपे वाटतात पण एका सायरनची एक टेस्ट फेल गेली की ती वर्षभर आकड्यात बसून राहते, म्हणून कॉन्ट्रॅक्टरवर दडपण फार असतं, आणि दडपण आलं की माणूस काय करतो, आधी जाऊन दुरुस्त करतो आणि मग टेस्ट घेतो. हे करायचं नाही. जसं सापडलं तसं टेस्ट करायचं, फेल झालं तर फेल लिहायचं, मग दुरुस्त करायचं, मग परत टेस्ट करून दुसऱ्या ओळीत पास लिहायचं. दोन ओळी. तुमच्या रजिस्टरमध्ये महिनोन्महिने एकच ओळ आणि सगळीकडे ओके असेल तर माझ्या अनुभवाने सांगतो, एक तर कोणी तिथे गेलं नाही किंवा गेल्यावर आधी पुसून-बिसून घेतलं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, महिन्याला एक मिनिट वाजवणं वाईट नाही, चांगलंच आहे, पण त्यातून काय सिद्ध झालं ते बघा. एसी सप्लाय चालू असताना, कोरड्या दुपारी, टॉवरच्या खाली उभं राहून ऐकलं तर एवढंच कळलं की लाइट असताना टॉवरच्या खाली भोंगा ऐकू येतो. खरी वेळ येईल ती बहुतेक रात्रीची, पावसातली, लाइट गेलेली. तेव्हा महिन्याच्या टेस्टमध्ये निदान दर तीन महिन्यांनी एकदा एसी सप्लायचा एमसीबी, म्हणजे मेन स्विच, खाली करा आणि बॅटरीवर वाजवा. हे एवढं एक काम गोव्यातल्या निम्म्या बंद सायरनांचं दुखणं बाहेर काढेल असं मला मनापासून वाटतं.

बॅटरीवर जरा थांबतो, कारण किनाऱ्यावर सायरन मरतो तो बॅटरीने मरतो. बऱ्याच मोठ्या सायरनमध्ये १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये म्हणजे ४८ व्होल्ट असतात. पॅनलवर ४८ च्या वर व्होल्टेज दिसलं की लोक खूश, पण बिनलोडचं व्होल्टेज फार फसवतं. खराब बॅटरी पण चार्जरवर बसलेली असताना १३ च्या वर छान दाखवते, आणि मोटर सुरू झाली की एका सेकंदात खाली बसते. म्हणून प्रत्येक बॅटरीचं वेगवेगळं, लोडखाली, सायरन चालू असताना मोजा. चारातली एक १०.५ च्या खाली गेली आणि बाकी तीन ठीक असतील तरी चारही बदला, नवीन एक आणि जुन्या तीन एका सिरीजमध्ये टाकल्या की जुन्या नवीनला पण घेऊन जातात. पैसे वाचवायला एकच बदलायला सांगतील, ऐकू नका, लेखी द्या.

उष्णतेचं गणित पण लक्षात ठेवा, लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ डिग्रीवर धरलेलं असतं आणि त्याच्यावर साधारण दर ८ ते १० डिग्रीला ते अर्धं होत जातं. एप्रिल-मे मध्ये उन्हातल्या स्टीलच्या कॅबिनेटच्या आत हात घालून बघा, किती तापतं ते. कंपनीच्या कागदावर पाच वर्षं लिहिलेली बॅटरी आपल्याकडे तीन वर्षं नीट चालली तर चालली म्हणायची. चार्जरला टेंपरेचर कंपेन्सेशन, म्हणजे तापमान बघून चार्जिंग कमी-जास्त करायची सोय, आहे का बघा, नसेल तर उन्हाळ्यात बॅटरी जास्त चार्ज होऊन आतून सुकते. कॅबिनेटला पांढरा रंग आणि वर एक साधं पत्र्याचं छप्पर, मध्ये हवा जायला जागा ठेवून, एवढ्याने आतला ताप बराच उतरतो. मी एका ठिकाणी हे करून घेतलं तेव्हा सगळे म्हणाले सायरनला कशाला माटव (मांडव), पण पुढचा बॅटरी सेट आधीच्यापेक्षा बराच जास्त टिकला.

मग खारी हवा. तांब्याची वायर इन्सुलेशनच्या आत काळी पडत जाते, बाहेरून काहीच दिसत नाही, टोक सोललं की कळतं. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेसचे बोल्ट एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मध्ये वॉशर किंवा पेस्ट लावा. टर्मिनलवर ग्रीस, दाराचं रबर दरवर्षी पावसाआधी नवीन, केबल कॅबिनेटमध्ये शिरते तिथल्या ग्लँडमध्ये बोट घालून बघा सैल आहे का. आणि जीवजंतू, हे कोणत्या मॅन्युअलमध्ये पुरेसं लिहिलेलं नसतं. कॅबिनेटमध्ये हुमले (लाल मुंग्या) घर करतात, पाल कॉन्टॅक्टरमध्ये अडकून मरते, कुंभारीण माशी हॉर्नच्या तोंडात मातीचं घर बांधते, आणि गांधीलमाशा तर विचारूच नका, त्यांच्यामुळे मी एकदा टॉवरवरून सेफ्टी बेल्टसकट लटकलो होतो. हॉर्नच्या तोंडाला जाळी असली पाहिजे आणि जाळी फाटलेली नाही ना हे दुर्बिणीने खालून दर वेळी बघता येतं, वर चढायची गरज नाही.

अर्थिंग. आपल्याकडे जांभा दगड, त्यावर कोरड्या दिवसांत अर्थ फार वाईट मिळतो. बहुतेक लोक ऑगस्टमध्ये रीडिंग घेतात, जमीन भिजलेली, आकडा छान, सही झाली. पण वीज पडते ती मुख्यतः पावसाच्या आधी मे महिन्यात आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरला, त्यातला मे म्हणजे जमीन अगदी कोरडी. म्हणून अर्थ रीडिंग मे मध्ये घ्या, वाईटात वाईट दिवसाचा आकडा लिहा. विजेचा झटका अंगावर घेणाऱ्या सर्ज अरेस्टरचं इंडिकेटर लाल झालंय का हे दर भेटीत बघा, एकदा त्याने झटका घेतला की पुढच्या वेळी तो नसल्यातच जमा.

आता पॅनलच्या ओकेबद्दल. पॅनल जे सेन्सर बघतात तेवढंच सांगतं. मोटरने करंट घेतला, मोटर फिरली, तो म्हणतो ओके. मोठे फिरणारे सायरन असतात, हॉर्न हळूहळू गोल फिरतो आणि आवाज चारी दिशांना आळीपाळीने जातो. त्या फिरवणाऱ्या गिअरची मोटर वेगळी असते. ती अडकली तर भोंगा पूर्ण आवाजात वाजतो, करंट बरोबर, पॅनल ओके, पण हॉर्नचं तोंड समुद्राकडे राहून गेलं असेल तर सगळा आवाज माशांना. मी तिकडे असताना हे एका सायरनला झालं होतं आणि ते शोधलं कोणी तर एका शेतकऱ्याच्या बायकोने, ती म्हणाली दर महिन्याला आवाज माझ्या घरावरून जायचा तो आता येत नाही. आमच्या सगळ्या कॉम्प्युटरांनी ओके दिलं होतं. तेव्हापासून मी लोकांच्या तक्रारीला सेन्सरपेक्षा वर ठेवतो. इलेक्ट्रॉनिक सायरनमध्ये तसंच, एका बाजूचे दोन ड्रायव्हर गेले तरी ज्या सिस्टममध्ये ड्रायव्हर वेगवेगळे तपासले जात नाहीत तिथे उरलेले वाजतात आणि पॅनल पास देतो.

रेडिओ आणि चुकून वाजण्याबद्दल पण बोललं पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये रात्री पर्वरीला सुनामीचा सायरन वाजला, लोक घाबरून बाहेर आले, आणि सुनामीचे इशारे देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी केंद्राकडून कुठलाच सुनामीचा इशारा आलेला नव्हता. अमेरिकेत डॅलसमध्ये तर एप्रिल २०१७ मध्ये कोणीतरी रेडिओवरून मुद्दाम शहरातले १५६ सायरन रात्री वाजवले, दीडेक तास बंद होईनात. अशा एका रात्रीने लोकांचा जो विश्वास जातो तो मिळवायला वर्षं लागतात, कारण पुढच्या वेळी खरा वाजला तरी लोक कूस बदलून झोपतात. म्हणून तुमच्या सिस्टममध्ये बघा की सायरन चालू करणारा निरोप नुसत्या टोनवर चालतो की त्याला ऑथेंटिकेशन, म्हणजे पाठवणारा खरा आहे का याची खात्री, आहे, आणि जितक्या लक्षपूर्वक चालू करायची टेस्ट घेता तितक्याच लक्षपूर्वक बंद करायची पण घ्या. थांबवायची कमांड दर वेळी चालते का, ती नाही चालली तर टॉवरवर लोकल स्विच कुठे आहे, त्या कॅबिनेटची किल्ली रात्री दोन वाजता कोणाकडे असते. किल्ली कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात कुलूपबंद असली तर तिचा काय उपयोग.

आणि आवाजाचा अर्थ. हे फार महत्त्वाचं आहे आणि यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही. नागरी संरक्षणात आपल्या देशात वर-खाली होणारा भोंगा म्हणजे धोका आणि एकसारखा सरळ भोंगा म्हणजे धोका टळला. ७ मे २०२५ ला देशभर मॉक ड्रिल झालं, गोव्यातही झालं, तेव्हा परत एकदा लोकांनी तेच शिकून घेतलं. पण अमेरिकेत अणुवीज केंद्राभोवती तीन ते पाच मिनिटं एकसारखा सरळ भोंगा म्हणजे लक्ष द्या, रेडिओ-टीव्ही लावा. परदेशी मशीन घेतलं, त्यात आधीपासून भरलेले टोन तसेच ठेवले, आणि सरळ टोन धोक्यासाठी वापरला तर आपल्या लोकांना तो धोका टळल्यासारखा वाटेल. तुमच्या सायरनमध्ये कुठला टोन कशासाठी भरलाय हे कागदावर काढा आणि जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाकडून त्यावर सही घ्या. आणि व्हॉइस मेसेज असेल तर तो कोंकणीत, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत आहे का, आणि वाऱ्यात कळतो का. लांबून प्रतिध्वनीमुळे शब्द एकमेकांत मिसळतात, म्हणून वाक्यं छोटी आणि मध्ये थांबून हवीत.

अणुवीज केंद्राभोवती तर सायरनचा अर्थ पळा असा नसतोच, घरात जा, खिडक्या-दारं लावा आणि रेडिओ ऐका असा असतो. सुनामीचा बरोबर उलटा, किनारा सोडून उंचावर जा. एकच भोंगा ऐकून माणसाने कुठलं करायचं हे त्याला आधीच माहीत नसेल तर तो बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहतो आणि शेजाऱ्याला विचारतो. म्हणून टेस्टची वेळ कायमची ठरवून टाका. नेदरलँड्समध्ये दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला, फ्रान्समध्ये पहिल्या बुधवारी दुपारी, स्वित्झर्लंडमध्ये फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी, मुलांना पण पाठ असतं. आपल्याकडे पंचायतीत नोटीस लावा, देवळात आणि चर्चमध्ये सांगायला सांगा, हॉटेलवाल्यांना द्या कारण पर्यटकाला काहीच माहीत नसतं. चतुर्थीच्या दिवसांत आणि जत्रेच्या रात्री टेस्ट ठेवू नका, फटाक्यात काही ऐकू येत नाही आणि आकडा पण खोटा निघतो.

आता तुमचा डोंगरामागचा वाडा. आवाज अंतराने किती कमी होतो याचा प्लॅनिंगसाठी वापरला जाणारा ठोकताळा असा, अंतर दुप्पट झालं की १० डेसिबल कमी. पुस्तकातलं मोकळ्या हवेचं गणित ६ सांगतं, पण झाडं, घरं, जमीन, हवा यांच्यामुळे प्रत्यक्षात जास्त जातं. समजा सायरन ३० मीटरवर १२५ डेसिबलचा आहे, तर ६० मीटरवर ११५, १२० ला १०५, २४० ला ९५, ४८० ला ८५, ९६० ला ७५ आणि जवळजवळ दोन किलोमीटरवर ६५. हे सपाट जागेवर. मध्ये डोंगर आला की त्याच्या सावलीत यातून आणखी बरेच डेसिबल जातात. आणि हे सगळं घराबाहेरचं, खिडक्या लावून पंखा-एसी चालू असेल तर आणखी १५-२० गेले असं धरा, आणि जुलैत पत्र्यावर पाऊस पडत असेल तर सोडूनच द्या. वाऱ्याचं पण आहे, दुपारी समुद्रावरून आत वारा येतो तेव्हा किनाऱ्यावरचा भोंगा आत चांगला ऐकू येतो, रात्री जमिनीवरून समुद्राकडे वारा गेला की वाऱ्याविरुद्धच्या बाजूला आवाज वर उचलला जातो आणि खालच्या माणसाला पोचत नाही. म्हणून दुपारच्या टेस्टवरून रात्रीचं सांगता येत नाही.

तेव्हा करा असं. एक माणूस टॉवरखाली ठेवा, त्याने फक्त हॉर्न गोल फिरतोय का आणि प्रत्येक ड्रायव्हरमधून आवाज येतोय का हे बघायचं, टॉवरभोवती सारख्या अंतरावर चालत जाऊन चारी बाजूंना मीटर लावायचा. चारी बाजूंचे आकडे जवळपास सारखे आले तर मशीन ठीक आहे, एक बाजू १० डेसिबलने पडली तर दोष वर आहे, चढा. दुसरा माणूस वाड्यावर मीटर घेऊन, कानाच्या उंचीवर, भिंतीपासून लांब, आधी नुसता नेहमीचा आवाज मोजायचा, मग भोंगा वाजताना. फरक १० पेक्षा कमी आला तर वाड्यावरचे लोक बरोबर आहेत, आणि तुमचं मशीन कितीही चांगलं असलं तरी त्या जागेवरून त्या वाड्यापर्यंत इशारा पोचणार नाही. मी अशाच एका वाड्यावर गेलो होतो तेव्हा एक म्हातारी मला म्हणाली, "कितेंच आयकूंक येना रे पुता," आणि मी मीटर काढून बघितला तर भोंगा वाजत असताना काटा हलला पण नव्हता.

मशीन ठीक निघालं आणि वाडा डोंगराच्या सावलीत निघाला तर मोठा सायरन मागू नका, आवाज वाढवून डोंगर ओलांडता येत नाही आणि टॉवरखालच्या घरांचे कान मात्र जातील. डोंगराच्या पलीकडे एक छोटा रिपीटर सायरन, किंवा ते होईपर्यंत पंचायतीकडून लाउडस्पीकरची गाडी आणि वाड्यावरच्या दोन-तीन घरांत फोनची साखळी. मोबाइलवर येणारा सेल ब्रॉडकास्टचा इशारा पण आहे, २०२३ मध्ये त्याच्या टेस्ट आपल्या सगळ्यांच्या फोनवर वाजल्या होत्या, पण तिथे रेंज आहे का ते स्वतः जाऊन बघा, डोंगरामागे बऱ्याच वेळा तीही नसते.

आणि रिपोर्टमध्ये दोन वेगळे रकाने करा, एकात पॅनलने काय सांगितलं आणि दुसऱ्यात कुठल्या जागेवर कोणी काय ऐकलं, वेळ आणि वाऱ्याच्या दिशेसकट. पहिल्याच महिन्यात दुसऱ्या रकान्यात त्या वाड्याचं नाव आणि समोर "ऐकू आला नाही" असं लिहून वर पाठवा. पुढच्या वेळी मीटरचे आकडे आणि चारही बॅटऱ्यांचे लोडवरचे व्होल्टेज घेऊन या, मग बसून बघू.